इंधनावरील कर आणि थंड घरांचे अर्थशास्त्र : ब्रिटनच्या अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत हिवाळा हा सुखाचा ऋतू मानला जातो. रात्रीचा गारठा गोधडी किंवा शाल यांवर निभावतो आणि घर तापवण्यासाठी स्वतंत्र खर्च करण्याची वेळ सर्वसाधारण कुटुंबावर येत नाही. ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा यांसारख्या देशांतील परिस्थिती याहून मूलतः वेगळी आहे. तेथे वर्षातील कित्येक महिने घर तापवणे ही अन्नाइतकीच प्राथमिक गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवासविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, थंड ऋतूत घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असणे आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित मानले आहे. त्याहून कमी तापमानात दीर्घकाळ राहावे लागल्यास रक्तदाब वाढतो, श्वसनाचे विकार बळावतात आणि वृद्ध, अर्भके व दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्तींच्या जिवास धोका निर्माण होतो.

अशा गरजेच्या वस्तूवर शासनाने कर आकारावा काय, हा प्रश्न गेल्या तीन दशकांत या देशांत वारंवार उपस्थित झाला आहे. कराच्या समर्थकांच्या मते इंधन महाग झाल्याशिवाय त्याची उधळपट्टी थांबणार नाही आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन घटणार नाही. विरोधकांच्या मते असा कर गरिबाच्या उबेवरच घाला घालतो. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि, या वादात एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. इंधनावरील कराचा भार कुटुंबाच्या उत्पन्नाइतकाच त्याच्या घराच्या बांधणीवर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात ब्रिटनचा अनुभव मुख्यतः समोर ठेवून आणि आयर्लंड व कॅनडा यांची उदाहरणे जोडून ही बाब स्पष्ट केली आहे.

इंधन-दारिद्र्याची संकल्पना

गरिबी आणि इंधन-दारिद्र्य या दोन संकल्पना परस्परांशी निगडित असल्या तरी एकच नाहीत. ब्रिटिश संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी ज्या कुटुंबास आपल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम इंधनावर खर्च करावी लागेल ते कुटुंब इंधन-दरिद्री होय, ही व्याख्या त्यांच्या अभ्यासातून रूढ झाली. ब्रिटिश संसदेने २००० साली उबदार घरे व ऊर्जा संवर्धन कायदा संमत केला आणि २००१ च्या शासकीय धोरणात ही व्याख्या स्वीकारण्यात आली. दिवाणखान्यात २१ अंश आणि अन्य खोल्यांत १८ अंश सेल्सिअस तापमान ही पुरेशा उबेची कसोटी ठरवण्यात आली.

या व्याख्येतील ‘खर्च करावी लागेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. येथे कुटुंबाने प्रत्यक्षात किती खर्च केला हे पाहिले जात नाही, किती खर्च आवश्यक आहे हे पाहिले जाते. कारण गरीब कुटुंब पैसे नसल्यास हीटर बंद करते, एकाच खोलीत राहते, अंगावर कपडे चढवते आणि थंडी सोसते. त्याचे बिल लहान दिसते. पण ते गरज कमी असल्याचे लक्षण नसते. केवळ प्रत्यक्ष खर्चाची आकडेवारी पाहणाऱ्यास असे कुटुंब संकटात आहे हे उमगणारच नाही.

पुढे जॉन हिल्स यांच्या अध्ययनाचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यानंतर इंग्लंडमध्ये ‘कमी उत्पन्न व जास्त खर्च’ ही कसोटी आली आणि २०२१ पासून ‘कमी उत्पन्न व कमी ऊर्जा-कार्यक्षमता’ ही कसोटी वापरली जाते. घरांच्या ऊर्जा-कार्यक्षमतेची तेथे ‘ए’ ते ‘जी’ अशी प्रतवारी केली जाते. नव्या कसोटीनुसार उत्पन्न कमी असलेले आणि ‘डी’ किंवा त्याखालील प्रतीच्या घरात राहणारे कुटुंब इंधन-दरिद्री मानले जाते. व्याख्येतील हा बदल बोलका आहे. प्रश्नाचे मूळ घराच्या भिंतींत आहे हे त्यातून अधिकृतपणे मान्य झाले. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. चांगल्या प्रतीच्या घरात राहणारे गरीब कुटुंब दरवाढीमुळे कितीही अडचणीत आले तरी या गणनेत येत नाही.

कराचा भार नेमका कोणावर

अर्थशास्त्रात कराघात आणि करभार यांत भेद केला जातो. वायू व विजेवरील कर शासनास भरण्याची जबाबदारी पुरवठादार कंपनीची असते. हा कराघात होय. परंतु घरगुती इंधनाची मागणी बऱ्याच अंशी अलवचीक असल्याने कंपनी हा कर किमतीत मिळवून ग्राहकाकडे संक्रमित करते आणि अंतिम करभार कुटुंबावर पडतो.

हा भार कसा विभागला जातो हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पहिल्या कुटुंबाचे साप्ताहिक उत्पन्न १०० पौंड असून ते जुन्या, उष्णता न टिकणाऱ्या घरात राहते; त्याचा इंधनखर्च १५ पौंड आहे. दुसऱ्या कुटुंबाचे उत्पन्न ५०० पौंड आणि इंधनखर्च २० पौंड आहे. तिसऱ्या कुटुंबाचे उत्पन्न पहिल्याइतकेच, म्हणजे १०० पौंड आहे. परंतु घर नीट बांधलेले असल्याने त्याचा इंधनखर्च ६ पौंड आहे. या खर्चावर ८ टक्के कर बसवल्यास पहिल्या कुटुंबास १.२० पौंड, दुसऱ्यास १.६० पौंड आणि तिसऱ्यास ०.४८ पौंड कर पडेल. उत्पन्नाशी हे प्रमाण अनुक्रमे १.२ टक्के, ०.३२ टक्के आणि ०.४८ टक्के येते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला निष्कर्ष परिचित आहे. पहिल्या व दुसऱ्या कुटुंबांची तुलना केल्यास गरिबावरील भार श्रीमंताच्या पावणेचार पट दिसतो. म्हणजेच हा कर प्रतिगामी आहे. दुसरा निष्कर्ष मात्र तितकासा लक्षात घेतला जात नाही. पहिले व तिसरे कुटुंब सारखेच गरीब असूनही पहिल्यावरील भार तिसऱ्याच्या अडीच पट आहे. करपद्धतीत समान उत्पन्न असलेल्यांना समान वागणूक मिळावी असे समतेचे तत्त्व सांगते. येथे घराच्या अवस्थेमुळे त्या तत्त्वाला बाध येतो.

आता शासनाने करातून जमा झालेली ३.२८ पौंडांची रक्कम तिन्ही कुटुंबांना समान वाटून परत केली असे मानू. प्रत्येकास सुमारे १.०९ पौंड मिळतील. दुसऱ्या कुटुंबास ५१ पेन्सचा निव्वळ तोटा आणि तिसऱ्यास ६१ पेन्सचा निव्वळ लाभ होईल. पहिले कुटुंब मात्र गरीब असूनही ११ पेन्सने तोट्यात राहील. सरासरीने गरिबांचा फायदा करणारी योजनाही सर्वांत थंड घरातील गरिबास नुकसानीत ठेवू शकते, हे यातून दिसते. याउलट, कर पूर्णपणे रद्द केल्यास सर्वांत मोठी सूट १.६० पौंडांची, म्हणजे सधन कुटुंबास मिळेल. पुढील विवेचनातील बहुतेक पेच या साध्या गणितातून उद्भवलेले आहेत.

ब्रिटनमधील मूल्यवर्धित कराचा इतिहास

ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर १९७३ मध्ये लागू झाला तेव्हा घरगुती इंधनावर शून्य दर ठेवण्यात आला होता. मार्च १९९३ च्या अर्थसंकल्पात हुजूर पक्षाचे अर्थमंत्री नॉर्मन लॅमॉन्ट यांनी ही सवलत संपवण्याचे जाहीर केले. १ एप्रिल १९९४ पासून ८ टक्के आणि त्यानंतरच्या वर्षी पूर्ण १७.५ टक्के अशी दोन टप्प्यांची योजना होती. वित्तीय तूट भरून काढणे हा तिचा उघड हेतू होता. त्याचबरोबर १९९२ च्या रिओ परिषदेनंतर कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन आटोक्यात ठेवण्याचे जे दायित्व ब्रिटनने स्वीकारले होते, त्याचाही आधार घेण्यात आला.

या निर्णयाविरुद्ध तीव्र असंतोष उसळला. जुलै १९९३ मध्ये वृद्ध मतदारांची संख्या मोठी असलेल्या ख्राइस्टचर्च मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेथे हुजूर पक्षाचा पराभव झाला आणि त्यामागे या कराचा मोठा वाटा मानला गेला. पुढे अर्थमंत्री झालेल्या केनेथ क्लार्क यांनी निवृत्तिवेतनधारकांसाठी भरपाईची तरतूद केली; तथापि विरोध शमला नाही. ८ टक्क्यांचा पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे लागू झाला. दुसऱ्या टप्प्याच्या वेळी मात्र ६ डिसेंबर १९९४ रोजी सरकारला कनिष्ठ सभागृहात ३११ विरुद्ध ३१९ अशा मतांनी पराभव पत्करावा लागला. बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी मद्य, तंबाखू व पेट्रोल यांवरील शुल्क वाढवण्यात आले.

१९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी १ सप्टेंबर १९९७ पासून हा दर ५ टक्क्यांवर आणला. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सवलतीचा दर त्याहून खाली नेता येत नव्हता. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतर हे बंधन उरले नाही. तरीही ५ टक्क्यांचा दर कायम राहिला. या प्रसंगाचा दीर्घकालीन परिणाम असा झाला की घरगुती इंधनावर थेट कर वाढवण्यास पुढील सरकारे धजली नाहीत. एप्रिल २००१ मध्ये हवामानबदल शुल्क आले ते उद्योग-व्यवसायांपुरते. घरगुती ग्राहकांना त्यातून वगळण्यात आले.

कर वाढला नाही, तरी बिलावरील अन्य आकार मात्र वाढत गेले. अपारंपरिक ऊर्जेचे साहाय्य आणि घरांच्या सुधारणेच्या योजना यांचा खर्च वीज व वायूच्या बिलांतून वसूल होऊ लागला. हा खर्च अर्थसंकल्पात कर म्हणून ग्राहकास दिसत नाही. पण परिणामाच्या दृष्टीने तो करच होय. प्राप्तिकर उत्पन्नाच्या पायरीप्रमाणे वाढतो. बिलातून होणारी वसुली मात्र उत्पन्न पाहत नाही.

भरपाईचे मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

करभार वा दरवाढ सुसह्य करण्यासाठी ब्रिटनने रोख साहाय्याचा मार्ग प्रामुख्याने अवलंबला. १९९७-९८ च्या हिवाळ्यापासून वृद्धांना हिवाळी इंधन भत्ता देण्यास सुरुवात झाली. पुढे त्याची रक्कम वाढून प्रत्येक पात्र कुटुंबास २०० पौंड आणि ८० वर्षांवरील व्यक्तीच्या कुटुंबास ३०० पौंड अशी झाली. याखेरीज, सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य अंश किंवा त्याखाली राहिल्यास अल्प उत्पन्न गटातील पात्र व्यक्तींना दर आठवड्यास २५ पौंड देण्याची स्वतंत्र तरतूद आहे.

हिवाळी इंधन भत्ता उत्पन्नाची अट न घालता दिला जात असल्याने तो सधन वृद्धांनाही मिळत असे आणि लहान मुले असलेल्या गरीब कुटुंबांना मात्र मिळत नसे. २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी इंग्लंड व वेल्समध्ये तो मुख्यतः निवृत्तिवेतन-पूरक साहाय्य घेणाऱ्यांपुरता मर्यादित केला. त्यामुळे सुमारे एक कोटी वृद्ध त्यास मुकले. पूरक साहाय्यास पात्र असूनही अर्ज न करणारे वृद्ध आणि पात्रतेच्या मर्यादेच्या किंचित वर असलेले वृद्ध यांना या निर्णयाची सर्वाधिक झळ बसली. जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली आणि वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना हा भत्ता पुन्हा देण्याचे ठरवले. सर्वांना साहाय्य दिल्यास पैसा वाया जातो आणि निवडक लोकांना दिल्यास गरजू वगळले जातात, ही सामाजिक सुरक्षेतील जुनीच अडचण येथेही दिसून आली.

कार्बन कर : आयर्लंड आणि कॅनडा

मूल्यवर्धित कर हा किमतीच्या टक्केवारीने आकारला जातो. कार्बन कर हा इंधनाच्या परिमाणावर, म्हणजे त्यातून होणाऱ्या उत्सर्जनावर आकारला जातो. पहिल्यात किंमत वाढली की करही आपोआप वाढतो. दुसऱ्यात तो स्थिर राहतो. मात्र कार्बन कराचा भार इंधनाच्या प्रकारानुसार बदलतो. कोळसा, पीट नावाचे दलदलीतील ज्वलनशील मातीचे इंधन आणि खनिज तेल यांवर तो नैसर्गिक वायूपेक्षा अधिक बसतो. जेथे वायूची नळजोडणी पोहोचलेली नसते, अशा ग्रामीण भागात हीच इंधने वापरली जातात.

आयर्लंडमध्ये मे २०१० पासून घर तापवण्याच्या तेलावर व वायूवर टनामागे १५ युरो दराने कार्बन कर लागू झाला. कोळसा व पीट यांवर तो २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आला. २०२० च्या वित्त कायद्यान्वये २०३० पर्यंत दरवर्षी वाढ करून हा दर १०० युरोंपर्यंत नेण्याचे निश्चित करण्यात आले. वाढीव उत्पन्नाचा एक भाग सामाजिक साहाय्यासाठी आणि एक भाग घरांच्या सुधारणेसाठी राखून ठेवण्याचे धोरण त्यासोबत आखले गेले. कर घ्यायचा, पण त्यातूनच कराची झळ कमी करणारी दुरुस्ती करायची, हे या धोरणाचे सूत्र आहे. त्यातील अडचण काळाची आहे. कर सर्वांना एकाच दिवशी लागू होतो. घरांची दुरुस्ती मात्र एकेक करून होते आणि रांगेत मागे असलेले कुटुंब तोवर पूर्ण कर भरत राहते.

कॅनडाने २०१९ मध्ये केंद्रीय इंधन आकार लागू केला आणि त्यातील सुमारे ९० टक्के रक्कम थेट कुटुंबांना परत देण्याची व्यवस्था केली. तरीही तेलावर घर तापवणाऱ्या, विशेषतः अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांतील कुटुंबांची तक्रार तीव्र झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने घरगुती तेलास तीन वर्षांची सूट जाहीर केली. तेव्हा वायू वापरणाऱ्या प्रांतांनी समान वागणुकीची मागणी केली आणि सस्काचेवान प्रांताने जानेवारी २०२४ पासून वायूवरील आकार गोळा करणे थांबवले. अखेरीस १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरील हा आकार पूर्णपणे रद्द झाला. बहुसंख्य कुटुंबांना पैसे परत मिळत असतानाही एका गटाचा भार दुर्लक्षित राहिल्यास संपूर्ण कराची लोकमान्यता कशी ढासळते, याचे हे उदाहरण आहे.

२०२२ चे संकट

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपात वायूचे आधीच वाढलेले भाव आणखी भडकले. ब्रिटनमध्ये नियामक संस्था ऑफजेम सर्वसाधारण कुटुंबाच्या बिलाची कमाल पातळी ठरवते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती वार्षिक १,२७७ पौंड होती; एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ पौंड झाली आणि ऑक्टोबरसाठी ३,५४९ पौंड जाहीर झाली. सरकारने हस्तक्षेप करून सर्वसाधारण बिल २,५०० पौंडांवर रोखले आणि प्रत्येक घरगुती वीजजोडणीमागे ४०० पौंडांची सूट दिली. त्याच वर्षी तेल व वायू उत्पादक कंपन्यांच्या वाढीव नफ्यावर विशेष आकार बसवण्यात आला.

या काळात घरगुती इंधनावरील मूल्यवर्धित कर रद्द करण्याची मागणी पुन्हा जोर धरू लागली. १,२७७ पौंडांच्या बिलात ५ टक्के दराने कर सुमारे ६१ पौंड असतो. २,५०० पौंडांच्या बिलात तो सुमारे ११९ पौंड होतो. टक्केवारीवर आधारलेल्या करामुळे संकटाच्या काळात शासनाचे प्रतिकुटुंब करउत्पन्न जवळजवळ दुप्पट झाले, हा आक्षेप योग्यच होता. परंतु बिलातील १,२२३ पौंडांच्या वाढीपुढे ११९ पौंडांची सूट अपुरी होती आणि तिचा मोठा वाटा मोठ्या घरांत राहणाऱ्यांकडे गेला असता. सरकारने ही मागणी मान्य केली नाही. त्याऐवजी एप्रिल २०२२ पासून घरांत बसवल्या जाणाऱ्या उष्णतारोधक साहित्यावरील कर पाच वर्षांसाठी शून्यावर आणला. तरीही दुरुस्तीचा मूळ खर्च उरतोच; ज्याच्याकडे तो करण्याची ऐपत नाही किंवा ज्याचे घरच स्वतःचे नाही, त्यास या सवलतीचा उपयोग होत नाही.

घराची बांधणी आणि भाडेकरूंचा प्रश्न

इंग्लंडमधील सुमारे एक पंचमांश घरे १९१९ पूर्वी बांधलेली आहेत. त्यांतील बहुतेकांच्या भिंती भरीव विटांच्या असून त्यांतून उष्णता झपाट्याने बाहेर जाते. नंतरच्या काळातील घरांत दोन भिंतींमध्ये पोकळी असते. ती उष्णतारोधक द्रव्याने भरणे आणि छताखाली जाड थर पसरणे ही तुलनेने स्वस्त कामे आहेत. भरीव भिंतींना आतून वा बाहेरून आवरण घालणे मात्र खर्चिक असते. सर्वांत जास्त खर्चाची दुरुस्ती अनेकदा सर्वांत गरीब कुटुंबाच्याच घराला हवी असते.

भाड्याच्या घरांत आणखी एक पेच असतो. दुरुस्तीचा खर्च मालकाने करायचा आणि बिलातील बचत भाडेकरूला मिळायची, अशी स्थिती असल्याने मालकास दुरुस्तीत रस नसतो. करामुळे इंधन महाग झाले तरी किमतीचा हा इशारा ज्याच्या हाती भिंत दुरुस्त करणे आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. यास्तव इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या आणि एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरारांसाठी घर किमान ‘ई’ प्रतीचे असण्याची अट घालण्यात आली. जेथे किमतीचे साधन निष्प्रभ ठरते तेथे नियमनाची आवश्यकता भासते, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की इंधनावरील कर हा थंड घरांच्या समस्येचे एकमेव कारण नाही आणि तो रद्द करणे हा तिच्यावरील पुरेसा उपायही नाही. २०२२ च्या दरवाढीत कराचा वाटा अल्प होता. परंतु कर, दरवाढ आणि बिलातून वसूल होणारे अन्य आकार हे तिन्ही भार एकाच दिशेने, म्हणजे कमी उत्पन्न आणि वाईट बांधणीचे घर असलेल्या कुटुंबाकडे वाहत जातात. रोख साहाय्याने त्या कुटुंबाचा एक हिवाळा निभावतो. पुढील हिवाळ्यात तेच घर तितकेच इंधन मागते.

म्हणून अशा कराच्या आखणीत क्रमास महत्त्व आहे. प्रथम सर्वांत थंड घरांची ओळख व दुरुस्ती, दुरुस्ती होईपर्यंत त्या कुटुंबांना उत्पन्न आणि घराची प्रत दोन्ही पाहून साहाय्य, आणि त्यानंतर कराची पूर्वघोषित, क्रमशः वाढ असा क्रम ठेवल्यास पर्यावरणाचे उद्दिष्ट आणि सामाजिक न्याय यांतील विरोध बराचसा कमी होऊ शकेल. ब्रिटनमध्ये १९९३ साली कर आधी आला आणि भरपाई मागाहून आली. २००० च्या कायद्याखाली शक्य तेथवर २०१६ पर्यंत इंग्लंडमधील इंधन-दारिद्र्य संपवण्याचे जे उद्दिष्ट ठरले होते तेही साध्य झाले नाही. कराचा दर एका अर्थसंकल्पाने बदलता येतो. घरांच्या भिंती बदलण्यास दशके लागतात. कर-धोरण आखताना हा कालावधीतील फरक विचारात घेतला नाही, तर त्याची किंमत थंड खोलीत बसलेल्या व्यक्तीस आपल्या आरोग्याने चुकवावी लागते.